मोनॅकोचे ७८ लॅप, मुलुंडच्या हॉलमधून

१९५५ पासून दरवर्षी न चुकता होणारी मोनॅकोची, म्हणजे तिथल्या शहरी रस्त्यांवरची फॉर्म्युला वन शर्यत २०२० मध्ये रद्द झाली. त्या लॉकडाऊनमध्ये खरे फॉर्म्युला वन ड्रायव्हर घरी बसून सिम्युलेटरवर शर्यती लावत होते, आणि फेरारीच्या शार्ल लेक्लेरने तर त्यातल्या दोन जिंकल्याही. ते बघून मलाही खुमखुमी आली. बाजार उघडल्यावर एक सेकंडहँड फोर्स फीडबॅक (रस्त्याचे धक्के हाताला देणारं) स्टिअरिंग घेतलं आणि ठरवलं, ट्रॅक एकच धरायचा, मोनॅको. पूर्ण ७८ लॅप (फेऱ्या), सगळे असिस्ट (गेमची आपोआप मदत) बंद, डॅमेज चालू (धडकलं की गाडी मोडणार).

ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, मोनॅको तर सगळ्यात स्लो ट्रॅक, त्यात काय कठीण! त्याला एकदा हेअरपिनला, म्हणजे यू-टर्नसारख्या वळणाला बसवायला हवं. तिथे गाडी जेमतेम पन्नासने वळते, म्हणजे रात्री रिकाम्या एलबीएस रोडवर आपली स्कूटर जाते तेवढ्याच वेगाने. पण स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवावं लागतं. खऱ्या टीमसुद्धा या एका वळणासाठी गाडीचं पुढचं चाक जास्त वळेल अशी वेगळी जुळणी करतात. माझ्याकडे प्रत्येक हेअरपिनला फोल्डिंग टेबलाचा क्लॅम्प सुटायचा. शेवटी सुताराकडून जाड प्लायचा स्टँड करून घेतला. तो हॉलमध्ये दिवाणाशेजारी उभा राहिला आणि आईने त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली.

सगळ्यात जास्त वेळ गेला ब्रेकवर. बोगद्यातून गाडी तीनशेच्या जरा आत असताना बाहेर येते, पुढे उतार, आणि शिकेनसाठी (लागोपाठची डावी-उजवी वळणं) वेग शंभरच्या बराच खाली आणायचा. स्वस्त पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, लोड सेलचं पेडल किती जोर लावला ते मोजतं. बोनस आल्यावर दुसरं घेतलं आणि मग कुठे उलगडा झाला. वेग जास्त असतो तेव्हा हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते, म्हणून पहिला दणका पूर्ण ताकदीने देता येतो. वेग उतरतो तशी ती पकडही उतरते, आणि पाय तेवढ्याच जोराने दाबून राहिला तर पुढचं चाक लॉक होऊन गाडी सरळ बॅरिअरकडे. म्हणजे दाबणं सोपं, सोडत येणं कठीण. या दणक्यांमुळे खालच्या काकू एकदा वर आल्या, "काय कुटताय गं रोज रात्री?" त्यानंतर पेडलखाली जुनी सतरंजी आणि योगा मॅट.

सोबत लेक्लेरच्या मोनॅकोच्या शर्यती पुन्हा पुन्हा बघत होते. मुलगा मोनॅकोचाच, पण घरच्याच रस्त्यावर नशीब फुटकं. २०१८ मध्ये त्याच्या तेव्हाच्या टीमच्या, सॉबरच्या गाडीचा ब्रेक गेला आणि बोगद्यानंतरच्या त्याच शिकेनला तो हार्टलीच्या गाडीवर आदळला. २०१९ मध्ये फेरारीत आला तर पात्रता फेरीच्या (सुटायचा क्रम ठरवणाऱ्या) पहिल्याच टप्प्यात बाहेर, आणि शर्यतीत रास्कास वळणाला ह्युल्केनबर्गच्या आत घुसायला जाऊन टायर फाडून घेतला. २०२१ मध्ये पोल (सगळ्यात पुढून सुटायची जागा) मिळाली, पण लगेच पुढच्या प्रयत्नात स्विमिंग पूलच्या दुसऱ्या शिकेनला आतलं बॅरिअर घासून गाडी भिंतीत. रविवारी ग्रिडकडे (सुटायच्या जागेकडे) जातानाच ड्राइव्हशाफ्टने (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याने) दगा दिला आणि पोलची जागा रिकामी राहिली. २०२२ मध्ये परत पोल, पण पावसाळी शर्यतीत पिट स्टॉपचं (टायर बदलायला थांबण्याचं) गणित चुकलं आणि चौथा. तिथे पूर्ण केलेली त्याची ही पहिली फॉर्म्युला वन शर्यत!

निकालाचा तक्ता पाहिला तर या माणसाची काही प्रगती दिसतच नाही. पण शनिवारचे, म्हणजे पात्रता फेरीचे लॅप पाहा. २०२१ चा तो अपघात मी फ्रेम थांबवून थांबवून पाहिला, आणि मग २०२४ चा १:१०.२७० चा पोल लॅप. भिंतीच्या तितक्याच जवळ, पण स्टिअरिंग किती कमी हलतं! मोनॅकोत खरी प्रगती दिसते ती इथे, असं माझं मत.

२६ मे २०२४ ची शर्यत 'प्रोसेशन' (नुसती मिरवणूक) म्हणून बरेच जण हसले. खरंच, पहिले दहा ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. मला मात्र ती फार आवडली. पहिल्याच लॅपला पेरेझच्या अपघातामुळे लाल झेंडा, म्हणजे शर्यत थांबली, तेव्हाच सगळ्यांनी टायर बदलले, आणि लेक्लेरने तोच हार्ड (कडक) टायरचा सेट शेवटपर्यंत जपत नेला. मुद्दाम हळू, मागच्याला जागा न देता. मोनॅकोच्या माणसाने ही शर्यत जिंकली ती १९३१ च्या लुई शिरोंनंतर थेट आता.

मीही मग माझा बेत बदलला. वेगवान लॅप एव्हाना लागायचा, पण पन्नाशीच्या पुढे लक्ष उडायचं, बहुतेक वेळा पोर्टिए वळणाला. (तिथेच १९८८ मध्ये फॉर्म्युला वन ड्रायव्हर सेन्ना मोठ्या आघाडीवर असताना, ६७ व्या लॅपला भिंतीत गेला होता. पात्रता फेरीत दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीड सेकंद वेगवान असलेला माणूस.) आता माझ्या उत्तम लॅपपेक्षा दोन सेकंद जास्त हेच लक्ष्य धरलं. पंखा फुल, हातात स्कूटरचे सुती ग्लोव्ह्ज, कारण मुंबईच्या दमटपणात स्टिअरिंग अक्षरशः निसटतं. त्या पावसाळ्यात एका रविवारी ७८ लॅप पूर्ण झाले. आठवी आले, पुढचा विंग थोडा वाकलेला.

कुणाला करून बघायचं असेल तर पूर्ण टाकीने सराव करा. शर्यतीच्या सुरुवातीला इंधन भरलेलं असतं, गाडी जड असते आणि ब्रेक बराच आधी लावावा लागतो. टाइम ट्रायलमध्ये (नुसत्या वेळेविरुद्धच्या लॅपमध्ये) पाठ केलेली ब्रेकची खूण पहिल्या लॅपला सांत देवोतच्या, म्हणजे पहिल्याच वळणाच्या बॅरिअरमध्ये घेऊन जाते. सध्या माझा पावसातला सराव चालू आहे. कसिनोकडून खाली येताना, मिराबो वळणाच्या आधी, ओल्या रस्त्यावरच्या त्या उंचवट्याला वळसा कसा घालायचा, ते काही अजून जमलेलं नाही.