लेन्सवरच्या स्क्रॅचला घाबरताय? मग हे वाचा

सेकंडहँड लेन्स घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी मोबाईलचा टॉर्च मारून काचेवर स्क्रॅच शोधतो, आणि केसाएवढी रेघ सापडली की लगेच भाव पाडायला लागतो. माझ्यासारख्यांचं त्यात फावतंच म्हणा, पण हिशोब तरी करून बघा ना. ५० एमएम एफ १.४ ची लेन्स पूर्ण उघडी असताना प्रकाश साधारण ३६ मिमी (५० भागिले १.४) व्यासाच्या गोलातून आत येतो, म्हणजे झाले हजार चौरस मिमी, आणि ५ मिमी लांब, ०.०५ मिमी रुंद ओरखडा म्हणजे जेमतेम पाव चौरस मिमी. चार हजारावा भाग! फोटोतला प्रत्येक बिंदू त्या अख्ख्या गोलातून आलेल्या प्रकाशाचा बनतो, त्यामुळे ती रेघ फोटोत रेघ म्हणून उमटतच नाही.

आता ऊन समोरून येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ओरखडा चमकतो आणि प्रकाश भलतीकडेच उधळतो, कॉन्ट्रास्ट पडतो. त्यावर जुना जुगाड म्हणजे ओरखड्यात काळी शाई भरायची, प्रकाश तिथेच अडतो. एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप बारीक केल्यावर, मात्र तो गोल ३ मिमीचाच उरतो, मग तोच ओरखडा जड जातो. मागच्या काचेवरचा तर जास्तच नडतो. आणि बुरशी लागलेली लेन्स फुकट दिली तरी नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते आणि कोटिंग खाते.

पण खरा घोळ टॉर्चमध्ये दिसतच नाही, तो असतो काचेच्या आकारात. हबल दुर्बिणीचंच घ्या. २.४ मीटरचा आरसा, पॉलिश एकदम अप्रतिम, पण कडेला साधारण २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जास्त सपाट घासला गेला, कारण आकार तपासायच्या उपकरणातलीच एक लेन्स १.३ मिमी चुकीच्या जागी बसवलेली. १९९० मध्ये वर गेली आणि फोटो धूसर! डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारणा केली तेव्हा कुठे नीट दिसायला लागलं. आरशाचं हेच अवघड असतं, प्रकाश पृष्ठभागापर्यंत जाऊन परत येतो म्हणून चूक दुप्पट होते, काचेच्या लेन्समध्ये तीच चूक मूळच्या साधारण निम्मीच उरते.

कॅमेरा लेन्समधली याचीच धाकटी भावंडं म्हणजे बोकेमधल्या, फोटोतल्या धूसर भागातल्या, कांद्याच्या चकत्या. अॅस्फेरिकल काच, म्हणजे जिचा बाक साध्या गोलाचा नसतो ती, बऱ्याचदा साच्यात दाबून बनवतात, साचा घासताना त्यावर गोल गोल बारीक चरे राहतात आणि ते प्रत्येक काचेवर जसेच्या तसे उतरतात. फोकसमध्ये काही कळत नाही, पण दिवाळीच्या माळा मागे धूसर ठेवून फोटो काढा, प्रत्येक दिव्यात वलयं! सोनीने एक्सए नावाच्या आपल्या अॅस्फेरिकल लेन्सांसाठी ०.०१ मायक्रॉनपर्यंतची अचूकता सांगितली ती याचसाठी.

त्यामुळे मी लेन्स घेताना लांबचा एखादा बारीक एलईडी बघतो, फोकस मॅन्युअल करून आधी अलीकडे मग पलीकडे नेतो आणि दोन्ही वेळी त्या दिव्याची होणारी धूसर चकती झूम करून बघतो. वलयं असली तर तिथेच दिसतात, एकीकडे कड कडक आणि दुसरीकडे मऊ असेल तर स्फेरिकल अॅबरेशन आहे, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एका जागी जुळत नाहीत, चकती एका बाजूला कललेली असेल तर बहुतेक आतली काच सरकलीय, मग वरून कितीही चकाचक असली तरी मी ती परत देतो.