ड्यूटीवर खांदा गेला, भरपाई मिळेपर्यंतचा माझा अनुभव

मी बेळगावची, वडगावात घर, केबिन क्रू म्हणून उडते. 2022 च्या पावसाळ्यात ड्यूटीवर माझा उजवा खांदा गेला, त्यानंतर काय काय करावं लागलं ते सगळं लिहितेय, कारण आमच्या कितीतरी मुलींना हे माहीत नसतं, मलापण नव्हतं.

सर्व्हिस संपत आली होती, आम्ही ट्रे गोळा करत होतो, सीटबेल्टचा दिवा लागायच्या आधीच विमान एकदम खाली गेलं. ढग नसताना येणारे असले झटके रडारवर दिसतच नाहीत. भरलेली ट्रॉली शंभर किलोच्या आसपास असते, ब्रेकच्या लाल पेडलवर पाय पडेपर्यंत ती उचलली गेली, शेजारच्या सीटवर एक आजी होत्या म्हणून मी हात सोडला नाही आणि खांद्यात कटकन आवाज आला. उतरल्यावर सीनियरनी विचारलं, लागलं काय? मी म्हटलं नाही, ठीक आहे. अंग गरम असतं तेव्हा कळत नाही हो. रिपोर्टमध्ये झटका बसल्याचं आलं, माझ्या खांद्याचं काहीच आलं नाही, आणि त्या एका ओळीपायी पुढचे आठ महिने गेले.

दुसऱ्या दिवशी हातात कंगवा धरता येईना. बेळगावला येऊन एमआरआय केला तर स्नायूची दोरी अर्धी फाटलेली. उडण्यासाठीच्या मेडिकल तपासणीत टेम्पररी अनफिट, म्हणजे काही काळ उडायचं बंद. आमचा पगार म्हणजे बेसिक थोडा आणि बाकी सगळा उडण्याच्या तासांवर, त्यामुळे घरी बसलं की निम्म्याच्या वर गेलाच, सुट्ट्या संपल्यावर बिनपगारी. कंपनीकडून मेल आला की दुखापत ड्यूटीवर झाल्याची नोंद नाही. तो मेल वाचून मी खूप रडले. आई रोज तेल गरम करून आणायची, "अजून दुखालंय काय गे?"

मग काकांच्या ओळखीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी 1923 चा कर्मचारी भरपाईचा कायदा काढून दाखवला, त्यात विमानाच्या क्रूचा सरळ उल्लेख आहे. पगार त्याहून जास्त असला तरी हिशोब महिना 15,000 धरून व्हायचा, त्याच्या 25 टक्के म्हणजे 3,750 दर पंधरा दिवसाला, आणि उपचाराचा खरा खर्च त्याशिवाय वेगळा. अर्जाला 2 वर्षांची मुदत. मला सगळ्यात धीर कशानं आला तर अर्ज आपण राहतो तिथंच करता यायचा, प्रत्येक तारखेला बेंगळुरूला पळायला नको. (हे तेव्हाचं, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, कलमं वकिलाकडून तपासून घ्या.)

पुरावा गोळा करायला सगळ्यात जास्त वेळ गेला. त्या दिवसाचं रोस्टर म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, एमआरआयची तारीख, औषधांची बिलं, आणि लँडिंगनंतर हॉटेलच्या गाडीतून मैत्रिणीला केलेला मेसेज, "खांदा लई दुखालाय". तो मेसेज डिलीट केला नव्हता हे माझं नशीब. सीनियरनी स्वतःहून लिहून दिलं, नोकरीची भीती असूनसुद्धा, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अर्ज केला त्या ऑफिसातले कागद कन्नडमध्ये, मला कन्नड बोलायला येतं पण कायद्याचं वाचायला जड जातं, तर माझी वहिनी गोकाकची, कन्नड शाळेत शिकलेली, ती रात्री जेवणं झाली की एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची आणि मग मी सही करायची.

कंपनीला नोटीस गेली, त्यात महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं हेपण होतं. सुनावणीच्या आधीच कंपनीनं सगळी बिलं आणि पंधरवड्यांची थकबाकी दिली. कायमच्या अपंगत्वाचं बोलणं नंतर बरेच दिवस चाललं.

फिजिओ, परत मेडिकल, परत ट्रेनिंग. इमर्जन्सी दरवाजा उघडायच्या ड्रिलला माझा हात थरथरत होता, पण उघडला. नंतर एका फ्लाइटला नवीन मुलीच्या मनगटावर गरम पाणी सांडलं, ती पण म्हणाली ठीक आहे दीदी. मी तिला गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात बसवलं, हातावर गार पाणी सोडलं, आणि रिपोर्टमध्ये तिचं नाव, वेळ, कुठला हात, सगळं लिहून झाल्यावरच विमानातून उतरले.