माझा अनुभव : टिनाच्या शेडमधला जुना ड्रायव्हर

2012 साली लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी रामटेक तालुक्यातील आमच्या गावी परतलो, तेव्हा माझ्या वळकटीत गुंडाळलेला एक गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे चेंडू लांब मारायची काठी, होता. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत माझ्याकडे छावणीतील गोल्फ मैदानाच्या देखभालीचे काम होते. गवत कापणे, उखडलेल्या जागी वाळू-माती भरणे, पहाटे ग्रीनवरचे, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावरचे, दव झाडणे ही कामे करता करता मी खेळही शिकलो, आणि निरोपाच्या दिवशी आमच्या साहेबांनी स्वतःचा जुना ड्रायव्हर माझ्या हाती दिला. गावी गेल्यावर खेळ सोडू नकोस, एवढेच ते म्हणाले. मी मात्र खेळ सोडला. शेती, घराचे बांधकाम आणि दोन मुलींची शिक्षणे यांत अकरा वर्षे गेली आणि तेवढा काळ तो ड्रायव्हर टिनाच्या शेडमध्ये धानाच्या कोठीमागे उभा राहिला.

2023 च्या पावसाळ्यानंतर माझ्या तुकडीतील एका जुन्या सोबत्याने कामठीला खेळायला बोलावले, तेव्हा मी तो बाहेर काढला. माझा ड्रायव्हर टेलरमेड कंपनीचा आर-सेव्हन क्वाड आहे; तो 2004 साली बाजारात आला होता आणि त्या काळी त्याची मोठी चर्चा होती, कारण त्याच्या तळाशी चार ठिकाणी वजनाचे स्क्रू होते आणि खेळाडूला ते स्वतः काढून जागा बदलता येत होत्या. त्याचे हेड, म्हणजे चेंडूला लागणारे डोके, 400 घन सेंटिमीटरचे आहे. नियमाने कमाल मर्यादा 460 घन सेंटिमीटरची असून आजचे बहुतेक ड्रायव्हर त्या मर्यादेला जाऊन टेकलेले असतात, त्यामुळे सोबत्यांच्या ड्रायव्हरशेजारी माझा ठेवला की तो लहान भावासारखा दिसे.

कामठीचा तो पहिला दिवस मला अजून बोचतो. माझे बहुतेक फटके बुटके निघाले आणि शंभर मीटरच्या पुढे गेल्यावर उजवीकडे वळत बाभळीत शिरले. हातात धरायची रबरी ग्रिप फिरत होती आणि प्रत्येक फटक्यानंतर हेडमधून खुळखुळ असा आवाज येत होता. सोबत्यांनी आपुलकीनेच सांगितले की वीस वर्षांपूर्वीचे हत्यार आता टाकून द्यावे. नागपूरच्या एका दुकानात मी तो दाखवायला नेला, तर त्यांनी तो पिशवीतून पूर्ण बाहेरही न काढता नवीन ड्रायव्हरची किंमत सांगितली. नवीन घेणे मला अगदीच अशक्य होते असे नाही. परंतु ज्या वस्तूची कोणी नीट तपासणीच केली नाही, ती निकामी आहे हे मी मान्य कसे करावे? शिवाय ती साहेबांनी दिलेली होती.

म्हणून मी तपासणी घरीच सुरू केली. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि टिनाखाली त्याहूनही अधिक तापते. अशा उष्णतेत रबर वाळते आणि शाफ्टला, म्हणजे दांड्याला, हेड ज्या इपॉक्सी गोंदाने चिकटवलेले असते तीही मऊ पडू शकते, हे मला मैदानावर काम करताना ठाऊक होते, तरीही मी तो तिथे ठेवला; तेव्हा यातला पहिला दोष माझाच आहे. हेड दोन्ही पायांच्या बुटांत घट्ट धरून मी ग्रिपकडून शाफ्टला पीळ देऊन पाहिला. सांधा जागचा हलला नाही. मग शाफ्टवर बोटाचे नख वरपासून खालपर्यंत फिरवले आणि कुठे तडा किंवा पांढरी रेघ दिसते का ते उन्हात धरून पाहिले. फेसवर, म्हणजे हेडच्या चेंडू लागणाऱ्या बाजूवर, बारीक चीर असेल तर साध्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावर पावडर चोळून कापडाने पुसून घेतली. चीर असती तर पावडर तिच्यात अडकून रेघ उमटली असती. फेस स्वच्छ निघाला. हे तिन्ही ठीक नसते, तर पुढच्या कोणत्याही खटपटीला अर्थ उरला नसता.

खुळखुळ आवाजाचे कारण त्यानंतर सापडले. चारपैकी एक स्क्रू सैल होता आणि तोच आपल्या खोबणीत वाजत होता. या स्क्रूंसाठी एक खास चावी येते, जी ठराविक जोर लागला की टक् असा आवाज करते आणि त्यापुढे आवळू देत नाही. माझ्याकडे ती उरली नव्हती. मनसरच्या एका मोटारसायकल मिस्त्रीकडे ताऱ्याच्या आकाराच्या चाव्यांचा संच होता, त्यातली नेमकी बसणारी चावी त्याने शोधून दिली आणि स्क्रू फार आवळला तर आटे जातील हे त्याने मला न विचारताच सांगितले. कोणता स्क्रू कुठे होता याची आकृती मी आधी वहीत काढून ठेवली. जड वजने मागच्या बाजूला होती आणि हलकी फेसच्या बाजूला. आटे ब्रशने झाडून चारही स्क्रू पुन्हा तसेच बसवल्यावर आवाज थांबला.

ग्रिप बदलणे हे काम वाटते तितके अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. जुनी ग्रिप इतकी कडक झाली होती की वाकड्या पात्याने कापताना तिचे तुकडे पडत होते; अंगठ्याच्या जागी तिला खोलगट झीज पडलेली होती. पाते नेहमी अंगापासून दूर आणि शाफ्टच्या लांबीने चालवावे, कारण ग्राफाइटच्या शाफ्टवर आडवी चीर गेली तर शाफ्टच गेला असे समजावे. जुनी चिकटपट्टी खरवडून मी नवी दुतर्फी चिकटपट्टी गुंडाळली. मग नव्या ग्रिपच्या टोकाचे छिद्र बोटाने बंद करून आत थोडे पेट्रोल ओतले, ते हलवून पट्टीवर सांडले आणि एका दमात ग्रिप वर सरकवली. पेट्रोलचे काम अंगणात, चुलीपासून लांब आणि विडी-काडी ओढणाऱ्याला दूर ठेवूनच करावे. पट्टी ओली असेपर्यंत, म्हणजे फार तर मिनिटभर, ग्रिप फिरवून सरळ करता येते. पूर्ण एक दिवस वाळू दिल्यावर ती हातात जराही फिरेना.

एवढे करूनही चेंडू उजवीकडेच जात राहिला.

आता सरावाच्या जागेविषयी सांगितले पाहिजे. धान कापून झाल्यावर आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून सलग आठ-दहा बांध्या मोकळ्या होतात, आणि त्यांच्या टोकाला उभे राहिले की दूरवर रामटेकचा गड दिसतो. मी गडमंदिराच्या रोखाने फटके मारत असे आणि दोर टाकून अंतर मोजत असे. बांध्यांत माणूस किंवा गुरे नाहीत याची खात्री झाल्याशिवाय मी कधीही चेंडू मारला नाही. धुऱ्यावरून जाणाऱ्या एका काकाजींनी पहिल्याच दिवशी थांबून विचारले, "काय करून राह्यला बाबू? वावरात काय हारपलं का?" मी त्यांना चेंडू दाखवला, तर ते धुऱ्यावर बसून अर्धा तास बघत राहिले.

त्या दिवसांत मी जे केले ते चुकीच्या क्रमाने केले, हे कबूल करतो. चेंडू उजवीकडे वळतो आहे असे पाहून मी दोन्ही जड वजने हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला नेली. वजन तिकडे गेले की फेस लवकर बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो, आणि चेंडू डावीकडे वळण्यास मदत होते, हे खरे आहे, आणि थोडा फरक पडलाही. परंतु बुटके फटके तसेच राहिले आणि दोर 145 मीटरच्या पुढे सरकेना. तेव्हा मला आठवले की साहेब नवशिक्यांना सगळ्यांत आधी एकच गोष्ट विचारत असत, की चेंडू फेसवर कुठे लागतो ते पाहिलेस का?

दुसऱ्या दिवशी मी पत्नीचा पावडरचा डबा शेतात नेला. फेस कोरडा पुसून त्यावर पावडर थोपटायची, फटका मारायचा आणि हेड उलटून पाहायचे. चेंडू लागतो तिथली पावडर उडून रुपयाच्या नाण्याएवढा स्वच्छ गोल उमटतो, आणि इतका रेखीव की चेंडूवरच्या खळग्यांची नक्षीसुद्धा त्यात दिसते. मी तीस फटके मारले आणि प्रत्येक गोल वहीत काढला. तीसपैकी एकवीस गोल शाफ्टच्या बाजूला आणि फेसच्या खालच्या अर्ध्यात होते.

त्या एका पानाने सगळा उलगडा झाला. चेंडू मध्यभागी न लागता शाफ्टकडे लागला, की त्या धक्क्याने हेड थोडे फिरते, आणि एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांप्रमाणे चेंडू त्याच्या उलट फिरकी घेऊन निघतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा असा चेंडू उजवीकडे वळतो. फेसच्या खालच्या भागात लागलेला चेंडू कमी उंचीने निघतो आणि त्याला मागची फिरकी जास्त मिळते, म्हणून तो दूर जात नाही. मोठ्या हेडच्या नव्या ड्रायव्हरमध्ये वजन कडांकडे सरकवलेले असल्याने ते अशा धक्क्याने कमी फिरते आणि चूक बरीचशी झाकली जाते. माझ्या 400 घन सेंटिमीटरच्या हेडने ती झाकली नाही, एवढाच दोघांतला फरक होता.

खाली लागण्याचे कारण जमीन निघाली. धान निघाल्यावर बांधीची माती वाळून दगडासारखी होते, चेंडू ठेवायची छोटी खुंटी, म्हणजे टी, तिच्यात शिरत नाही आणि ठोकली की मोडते. मी मोडक्या, अर्ध्या टीवर चेंडू ठेवून मारत होतो. मग मी एक जुने घमेले जमिनीच्या पातळीला पुरले, त्यात ओली माती दाबून भरली आणि पूर्ण लांबीची टी अशी रोवली की हेड शेजारी टेकवल्यावर चेंडूचा जवळजवळ अर्धा भाग वर दिसेल. शाफ्टच्या बाजूला लागण्याचे कारण लांबी होते. हा ड्रायव्हर माझ्या मोजणीत 45 इंच भरतो. नियमाच्या 48 इंचांच्या मर्यादेत तो सहज बसतो, पण माझ्या उंचीला आणि वयाला जड जातो. शाफ्ट कापला असता तर हेड हाताला हलके वाटू लागले असते आणि कापलेला पुन्हा जोडता आला नसता, म्हणून मी फक्त ग्रिप एक इंच खाली धरू लागलो आणि अर्धे पाऊल मागे उभा राहिलो.

आठ दिवसांत पावडरीतले गोल मध्याकडे सरकले. आता गंमत अशी झाली की चेंडू डावीकडे वाकू लागला, कारण हीलकडे नेलेली वजने अजून तिथेच होती आणि जी चूक झाकायला ती नेली होती ती चूक उरली नव्हती. मी वही उघडून पहिली आकृती पाहिली आणि जड वजने पुन्हा मागच्या बाजूला बसवली. माझ्या ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, साडेनऊ अंशांचा आहे आणि तो बदलण्याची सोय या ड्रायव्हरमध्ये नाही. या कंपनीने शाफ्टजवळ फिरवून कोन बदलण्याची सोय 2009 च्या आर-नाइन ड्रायव्हरमध्ये दिली. तेव्हा चेंडू उंच निघण्यासाठी मागचे वजन हीच माझ्या हातातली गोष्ट होती. दोर आता 170 ते 175 मीटरपर्यंत जाऊ लागला. पंचावन्नाव्या वर्षी मला त्याहून अधिक नको आहे.

डिसेंबरच्या अखेरीस मी पुन्हा कामठीला गेलो. स्पर्धेत उतरायचे असल्याने गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या मान्य ड्रायव्हरांच्या यादीतील छायाचित्राशी हेडच्या तळावरच्या खुणा आणि लॉफ्ट आधी ताडून पाहिले होते. फेरी सुरू झाल्यावर वजने बदलून खेळता येत नाही, त्यामुळे मिस्त्रीची चावी मी घरीच ठेवली. पहिल्या होलवर चेंडू फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, डाव्या कडेला पडला, दुसऱ्या ड्रायव्हला थोडा उजवीकडे गेला, पण बाभळीपर्यंत पोहोचला नाही. अठरा होलांत ड्रायव्हर बारा वेळा वापरला आणि आठ चेंडू फेअरवेत राहिले.

घरी आल्यावर ड्रायव्हर आतल्या खोलीत ठेवताना खिडकीत पडलेले जुन्या ग्रिपचे तुकडे दिसले. फेकायचे राहून गेले होते. मी ते जुळवून सरळ ठेवले आणि अंगठ्याची खोलगट झीज टोकापासून कुठे पडली आहे ते टेपने मोजले, मग नव्या ग्रिपवर माझा हात ठेवून तेच माप घेतले. दोन्ही मापे सारखी आली. साहेबही ड्रायव्हर एक इंच खालीच धरत असत.