क्वार्टरबॅकचा नेम मागाहून सुधारतो का?

गोव्यात फुटबॉल म्हटले की फातोर्ड्याचे मैदान डोळ्यांसमोर येते, नाहीतर भातकापणीनंतर मळ्यात रंगणारे गावागावांतले सामने. फोंड्यातील आमच्या घरात मात्र गेली तीन वर्षे चवथीच्या आसपास वेगळाच, अमेरिकन फुटबॉल सुरू होतो. फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा रविवारी रात्री साडेदहाला अमेरिकेतील सामना लावतो, आणि त्याच्या नादाने मीही बसतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासभर मागे जातात, तेव्हा आमची बैठक साडेअकराला सुरू होते आणि सोमवारची सकाळ दोघांनाही जड जाते.

आमचा जुना वाद अँथनी रिचर्ड्सन या तरुण क्वार्टरबॅकवरून, म्हणजे सहकाऱ्यांकडे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूवरून आहे. इंडियानापोलिस कोल्ट्स या संघाने २०२३ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले, तेव्हा तो एकवीस वर्षांचाही झाला नव्हता आणि महाविद्यालयीन पातळीवर सुरुवातीपासून खेळलेले त्याचे सामने अवघे तेरा होते. अंगात ताकद आणि वेग असा, की पाहणाऱ्याने थक्क व्हावे; पण २०२४ मध्ये त्याने फेकलेल्या २६४ चेंडूंपैकी सहकाऱ्यांच्या हाती पडले १२६, म्हणजे ४७.७ टक्के. चांगले क्वार्टरबॅक आज ६५ टक्क्यांच्या पुढे असतात. पुढच्या वर्षी हंगामाच्या तोंडावर संघाने त्याला बाजूला सारून डॅनियल जोन्सला संधी दिली. ‘मामा, जॉश ॲलनचे झाले, मग ह्याचे का नाही होणार?’ हा भाच्याचा ठरलेला सवाल.

ॲलनचे उदाहरण मोठे मोहक आहे, म्हणून ते नीट पाहायला हवे. वायोमिंग विद्यापीठात त्याचे प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास होते, आणि नेम ही शिकवून येणारी गोष्ट नाही, असे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. बफेलो बिल्सने २०१८ मध्ये तरीही त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या वर्षी ५२.८, दुसऱ्या वर्षी ५८.८ आणि तिसऱ्या वर्षी एकदम ६९.२ टक्के! या उडीचे श्रेय बहुतेक जण त्याने जॉर्डन पामर या प्रशिक्षकाबरोबर फेकीच्या तंत्रावर घेतलेल्या मेहनतीला देतात, आणि ते चुकीचे नाही. पण त्याच २०२० मध्ये मिनेसोटाहून स्टीफॉन डिग्ज संघात आला आणि त्याने त्या हंगामात १२७ चेंडू झेलले, जे साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक होते; शिवाय आक्रमणाचा प्रशिक्षक ब्रायन डॅबोल याच्या हाताखाली एकच आक्रमणपद्धत गिरवण्याचे ॲलनचे ते तिसरे वर्ष होते. पुढच्या दोन्ही हंगामांत त्याचे प्रमाण ६३.३ वर आले. म्हणजे सुधारणा खरी होती, पण त्या एका वर्षाच्या आकड्यात त्याच्या हाताबरोबर इतरांचाही वाटा होता.

मुळात हा टक्का नेमाचे माप म्हणून फसवा आहे. दोन पावलांवरच्या सहकाऱ्याला अलगद दिलेला चेंडू आणि तीस मीटरवर दोन बचावपटूंच्या मधून काढलेला चेंडू त्यात सारखेच मोजले जातात. झेलणाऱ्याच्या हातून सुटलेला चेंडूही फेकणाऱ्याच्याच नावावर लागतो. जुन्या काळातील क्वार्टरबॅक ‘जो नेमथ’ याची कारकीर्द ५०.१ टक्क्यांची, तरी तो त्या खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’ या मानाच्या सभागृहात आहे, कारण तेव्हाचा खेळच लांब आणि धोक्याच्या फेकींचा होता. रिचर्ड्सनच्या फेकीही सरासरीने फार लांबच्या होत्या, एवढी सवलत मी त्याला देतो. सोप्या, जवळच्या फेकीही चुकत होत्या, हे मात्र त्या सवलतीने झाकले जात नाही.

नेम म्हणजे तरी काय? हात सुटताना दिशेत एका अंशाची चूक झाली, तर तीस मीटरवर चेंडू अर्धा मीटर बाजूला जातो. तीन अंशांची झाली तर दीड मीटर, म्हणजे पसरलेल्या हातांच्याही बाहेर. त्यात लक्ष्य स्थिर नसते. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने सुटलेल्या चेंडूला बावीस मीटर जायला एक सेकंद लागतो आणि तेवढ्यात धावणारा सहकारी सात-आठ मीटर पुढे सरकलेला असतो. लहानपणी आम्ही दगड मारून कैऱ्या पाडत असू, पण कैरी फांदीवरून पळत नाही. येथे चेंडू माणसावर टाकायचाच नसतो, तो जेथे पोहोचणार त्या मोकळ्या जागेवर टाकायचा असतो, आणि हे सारे अंगावर धावून येणाऱ्यांच्या गर्दीत सुमारे अडीच-तीन सेकंदांत उरकायचे असते. म्हणून नेम चुकला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा चुकलेली असते ती वेळ: डोळ्यांनी उशिरा पाहिले, मन उशिरा ठरले, आणि मग हाताने घाई केली.

दुसरी चूक पायांची. उजव्या हाताने फेकणाऱ्याचे डावे पाऊल लक्ष्याच्या रोखाने पडावे लागते. ते फार लांब पडले की धड मागे राहते आणि चेंडू डोक्यावरून जातो. खाडीत पागेर टाकणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जाळे हातातून सुटताना दिसते, पण ते गोल उघडते कमरेच्या वळणाने आणि पाय रोवल्याने.

वेळ आणि पाय, या दोन्ही गोष्टी शिकवता येतात, असे मला वाटते. पहिली अनुभवाने येते, दुसरी सरावाने. तिसरी गोष्ट उरते ती बोटांची: चेंडू नेमका कधी सोडायचा, कोठे जोर द्यायचा आणि कोठे तो काढून घ्यायचा. ती फार लहानपणी हातात बसते आणि पंचविशीत कोणी बदलायला गेले, तर सरावात बदललेली दिसते आणि सामन्यात घाई झाली की जुनी सवय परत येते.

ड्रू ब्रीझ आणि टिम टीबो या दोन क्वार्टरबॅककडे मी भाच्याचे लक्ष वेधतो, कारण बेसबॉलमधून आलेले टॉम हाऊस हे प्रशिक्षक दोघांनाही लाभले. ब्रीझ २००३ मध्ये ५७.६ टक्क्यांवर होता, २००४ मध्ये ६५.५ वर गेला, आणि २०१८ मध्ये त्याने ७४.४ टक्क्यांचा विक्रम केला. टीबो डावखुरा, चेंडू पार कमरेपर्यंत खाली नेऊन मग वर आणणारा. २०११ मध्ये त्याचे प्रमाण ४६.५ टक्के होते. त्याच हंगामात त्याने पिट्सबर्गविरुद्ध जादा वेळेतील पहिल्याच फेकीवर बाद फेरीचा सामना जिंकून दिला, हेही खरे. पुढे हाऊस यांच्याकडे कसून मेहनत करूनही २०१५ मध्ये फिलाडेल्फियाने हंगामापूर्वीच त्याला सोडले. गुरू तोच होता. फरक असा, की ब्रीझचा नेम महाविद्यालयातही चांगलाच होता. हाऊस यांनी असलेली गोष्ट घासूनपुसून लखलखीत केली. टीबोच्या बाबतीत ती नव्याने घडवायची होती.

म्हणून एखादा तरुण सुधारेल का, हे ठरवताना मी त्याचा टक्का पाहत नाही. घाई नसताना, पाय स्थिर असताना, मोकळ्या सहकाऱ्याला दिलेला पंधरा मीटरचा चेंडू कोठे पडतो, एवढेच पाहतो. तो छातीवर पडत असेल, तर बाकीचे वर्षा-दोन वर्षांत येऊ शकते आणि संघाने धीर धरावा. तोच कधी गुडघ्यावर, कधी डोक्यावरून जात असेल, तर ॲलनचे नाव घेऊन आशा विकणाऱ्यांपासून जपावे. रिचर्ड्सन मला या दुसऱ्या गटात वाटतो. भाच्याला तो अजून पहिल्यात वाटतो, आणि दुखापतींमुळे त्याला पुरेसे सामनेच मिळाले नाहीत, हा त्याचा मुद्दा मला अद्याप पूर्णपणे खोडता आलेला नाही.

गेल्या महिन्यात त्याने तो लांबट चेंडू कोठून तरी मागवला. घरामागच्या मोकळ्या जागेत मी वीस पावलांवर उभा राहिलो, त्याने फेकला, आणि चेंडू माझ्या डोक्यावरून थेट शेजाऱ्यांच्या कुळागरात पोफळींमध्ये गेला. ‘पाऊल लांब पडले,’ मी म्हणालो. दुसरा चेंडूही तेथेच गेला. तिसऱ्या वेळी पाऊल आखूड पडले आणि चेंडू माझ्या हातात आला, पण तो मी सोडला. त्याच्या हिशेबात ही फेकही चुकलेलीच धरली जाईल, असे मी त्याला सांगितले, तेव्हा तो काही न बोलता कुळागराच्या कुंपणापाशी गेला आणि पहिला चेंडू कोठे पडला होता, ते अंतर पावलांनी मोजू लागला.