मित्सुबिशी का-१४: मला सगळ्यात आवडलेलं प्रोटोटाइप

परवापासून डोक्यात एकच विमान घोळतंय, मित्सुबिशीचं का-१४. १९३४ ला जपानी नौदलाने नवीन फायटर मागितलं, स्पीड हवा होता ताशी ३५० किमी, आणि काम आलं मित्सुबिशीचा डिझायनर जिरो होरिकोशीकडे, ज्याच्या आधीच्या फायटरची दोन्ही प्रोटोटाइप (चाचणीसाठी बनवलेली पहिली विमानं) क्रॅश झाली होती. तरी हा माणूस खचला नाही!

४ फेब्रुवारी १९३५ ला जपानमधल्या कागामिगाहाराच्या विमानतळावर पहिलं उड्डाण झालं आणि पुढच्या टेस्टमध्ये स्पीड निघाला जवळजवळ ४५०, म्हणजे मागितलं त्याच्यापेक्षा शंभर जास्त, तेही चाकं आत न जाणारी असताना. रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) पत्र्याच्या सपाटीत बसवलेले, त्यामुळे हवेला अडायला काही उरलंच नाही, मला तर ही गोष्ट इंजिनापेक्षाही मोठी वाटते.

पंख मुळाशी खाली वाकून मग वर जाणारे, म्हणजे चाकांचे पाय आखूड ठेवता येतात. दिसायला फार सुंदर, पण लँडिंगला विमान जमिनीवर टेकायचंच नाही, तरंगत राहायचं, म्हणून दुसऱ्या प्रोटोटाइपला पंखांचा मधला भाग सरळ केला. त्यातूनच पुढे नौदलाचं ए५एम हे फायटर आलं. पण मला ते पहिलं वाकड्या पंखांचंच जास्त आवडतं.