डीबी स्पेक्ट्रम प्लस : दुपारी हरवणाऱ्या ३२ केबीचा शोध

मागची नोंद लिहिली तेव्हा अक्कलकोट रोडवरच्या चादर कारखान्याच्या माळ्यावरून आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस (सिंक्लेअरच्या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकाची भारतीय आवृत्ती) सुरू झाला होता, कीबोर्डला नवा मेम्ब्रेन (कळांखालचा संपर्क जोडणारा पातळ पडदा) बसला होता आणि टीव्हीच्या अँटेनासाठी संकेत बनवणाऱ्या मॉड्युलेटरला बगल देऊन थेट कंपोझिट (साधा व्हिडिओ संकेत) काढल्यामुळे चित्रही स्वच्छ दिसू लागले होते. तक्रार एकच उरली होती. सकाळी निमूट चालणारे यंत्र दुपारी बारानंतर वरची ३२ केबी रॅम विसरून जाई. या एका तक्रारीने सगळा एप्रिल खाल्ला. परवा तिचे मूळ सापडले आणि ते रॅममध्ये नव्हतेच, म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा लांबणार आहे.

लक्षणे आधी नीट मांडतो. चालू करताच रॉम (यंत्रातला कायमचा प्रोग्राम) सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरते (पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या उभ्या लाल रेघा त्याच्याच), मग १६३८४ पासून वर चढत एकेक स्थान तपासते आणि जिथे पहिली चूक आढळेल तिथे रॅम संपली असे धरून चालते. त्यामुळे ‘प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३’ एवढे बेसिकमध्ये विचारले (पीक म्हणजे रॅमच्या त्या स्थानातला आकडा) की यंत्राची स्वतःबद्दलची समजूत कळते. सकाळी उत्तर ६५५३५ येई, म्हणजे ४८ केबी शाबूत. दुपारी कधी ३२७६७ येई, कधी त्याच्या आणि ६५५३५ च्या मधलाच एखादा आकडा, आणि तोही रीसेट केला की बदललेला. चिपमधली एखादी पेशी मेलेली असती, तर आकडा दर वेळी तोच आला असता.

यंत्राच्या मागच्या एज कनेक्टरला लावायची डायग्नोस्टिक (बिघाड तपासणारी) कार्ट्रिज काढली. तीही तेच बोलत होती : खालची १६ केबी निर्दोष, वरच्या बँकेत (म्हणजे वरच्या ३२ केबीच्या चिपसंचात) चुका, पण एकदा बिट ५, एकदा बिट १ आणि ६, एकदा तर पाच बिट एकदम. वरच्या बँकेत आठ चिप आहेत आणि प्रत्येक चिप एकच बिट सांभाळते. पाच चिप एका दुपारी आजारी पडून दुसऱ्या सकाळी बऱ्या होतील, हे मला पटेना. म्हणून मूळच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४५३२ चिपना हात लावला नाही. या ४५३२ म्हणजे ज्यांचा एक अर्धा भाग चाचणीत नापास झाला अशा ६४ किलोबिटच्या चिप. चांगला अर्धा कोणता, हे सिंक्लेअरने बोर्डावरच्या तारेच्या एका लिंकने ठरवले आणि टाकाऊ माल स्वस्तात वापरून घेतला. ही काटकसर मला अजूनही मोहवते.

संशय मग चिपना पत्ते पुरवणाऱ्या परिपथावर आला. पत्त्याचा कोणता भाग (ओळ की स्तंभ) आता येतो आहे हे चिपला सांगणारे रास आणि कास संकेत खालच्या १६ केबीसाठी यूएलए (सिंक्लेअरची खास नियंत्रक चिप) स्वतः तयार करते. वरच्या बँकेसाठी मात्र ते काम ७४एलएस३२ आणि ७४एलएस०० या साध्या लॉजिक चिपच्या गेटमधल्या विलंबावर सोपवले आहे आणि पत्त्याचे दोन भाग आळीपाळीने पुढे करायला दोन ७४एलएस१५७ आहेत. विलंबावर चालणारी अशी रचना उन्हाळ्यात चळणे शक्य होते, आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे माझ्या खोलीत दुपारी ४१ अंश.

गारवा देणारा स्प्रे इथे मिळाला नाही, म्हणून कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेका चिपच्या पाठीवर टेकवत गेलो. इथल्या कोरड्या हवेत ते इतक्या झपाट्याने उडते, की बोटालाही गारठा जाणवतो. रॅमच्या चिपवर काडी ठेवून काही फरक पडला नाही. एका ७४एलएस१५७ वर ठेवली आणि चुका थांबल्या. काडी काढली की अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू. इतका स्पष्ट कौल मिळाल्यावर कोण थांबेल? चिपचे पाय कटरने कापून एकेक करून उपसले. तेव्हा तिच्या पोटाखालून यंत्रमागावरच्या सुताची करडी वळकटी निघाली, कारखान्यातल्या कित्येक वर्षांची. भोके साफ केली आणि टर्न्ड-पिन (गोल कातलेल्या पिनांचे) सॉकेट बसवले. (पत्र्याच्या पट्ट्यांची स्वस्त सॉकेट कृपा करून कोणी वापरू नयेत. दोन वर्षांनी तीच नवा बिघाड होऊन बसतात.)

नवी ७४एलएस१५७ सोलापुरात मिळाली नाही. ऑनलाइन मागवलेल्या दोन्ही चिपवरची छपाई ॲसिटोनच्या एका बोळ्याने पुसली गेली आणि खाली दुसराच क्रमांक निघाला. त्या विक्रेत्याचे नाव लिहीत नाही, पण रेल्वेने पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतल्या दुकानदाराकडून डोळ्यांसमोर डब्यातून काढलेली चिप घेणे मला अजूनही स्वस्त वाटते. तीच बसवली. फरक पडला तो एवढाच, की बाराला येणारा बिघाड एकला येऊ लागला.

इथे गाडे अडले आणि बरेच दिवस अडूनच राहिले. दुसरी १५७ बदलली, एलएस३२ बदलली, रॅमच्या पायांना पुन्हा डाख दिला. दर वेळी थोडी सुधारणा दिसे, पण बिघाड कायमचा जात नसे. पाच व्होल्टची रेघ मल्टिमीटरवर सुरुवातीलाच पाहिली होती : सकाळी ४.९८, दुपारी ४.९. त्यात शंका घेण्यासारखे काही दिसत नव्हते.

धागा मिळाला तो अनपेक्षितपणे. आमच्या भागातल्या यंत्रमागांना साप्ताहिक सुट्टी होती त्या दिवशी खोलीत तेच ४१ अंश असताना यंत्र संध्याकाळपर्यंत एकही चूक न करता चालले. म्हणजे दुपारचा दोष उन्हाचा नव्हता, दुपारी विजेवर पडणाऱ्या ताणाचा होता. माग आणि कूलर एकदम चालू असले की भिंतीतल्या सॉकेटवर २०५ व्होल्ट मिळतात. सुट्टीच्या दुपारी २३४ होते.

मग ऑसिलोस्कोप लावला आणि सगळा उलगडा झाला. ॲडॉप्टरमधून येणारे ‘९ व्होल्ट’ म्हणजे सेकंदाला १०० वेळा १०.४ पर्यंत चढून ६.४ पर्यंत घसरणारी लाट होती. ७८०५ ला (यंत्रातल्या, पाच व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला) पाच व्होल्ट टिकवायला सुमारे ७ व्होल्ट आत लागतात. त्याखाली गेले की तोही सोबत खाली येतो. पाच व्होल्टच्या रेघेवर त्यामुळे दर दहा मिलिसेकंदांनी ४.५ पर्यंत जाणारी खाच पडत होती. एलएस मालिकेची हमी ४.७५ पासून वर आहे. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्याला खाच दिसत नाही. रॉमची तपासणी नेमकी कुठे पोहोचलेली असताना खाच आडवी येईल हे ठरलेले नव्हते, म्हणून आकडा दर वेळी वेगळा. ताण आधी उघड होई तो गेटच्या विलंबावर जगणाऱ्या वरच्या बँकेत, आणि चिप गार केली की तिला तेवढ्यापुरती सवड मिळे. अल्कोहोलचा कौल खोटा नव्हता, पण तो आजारी चिपकडे बोट दाखवत नव्हता, उपाशी चिपकडे दाखवत होता.

ॲडॉप्टर मूळचा नव्हता. कारखान्यात केव्हातरी घेतलेला, नाव नसलेला स्थानिक बनावटीचा तो होता. उघडला तर आत २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तोही मीटरवर १४०० च्या आसपास भरला. हिशेब सोपा आहे : माझे यंत्र सुमारे ०.८ अँपिअर घेते, तेव्हा दहा मिलिसेकंदांत १४०० वर जास्तीत जास्त ५.७ व्होल्टची घसरण, धडधाकट २२०० वर ३.६ आणि ४७०० वर १.७. नवीपेठेतून ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचा कपॅसिटर आणून बसवला. त्यानंतर माग चालू, कूलर चालू, भिंतीवर २०५ व्होल्ट, आणि उत्तर ६५५३५. चहा होईपर्यंत थांबून पुन्हा विचारले. ६५५३५.

आता कारखान्याच्या कॅसेटकडे वळता आले. काकांनी यंत्रासोबत दिलेल्या त्या कॅसेटवर निळ्या शाईने फक्त ‘नक्षी’ असे लिहिले आहे. टेपचे हेड स्क्रूने तिळाएवढे फिरवून ॲझिमुथ (टेपशी हेडचा कोन) जुळवल्यावर पडद्याच्या बॉर्डरवर लाल-आकाशी पट्टे स्थिर झाले, मग निळे-पिवळे आले आणि ‘आर टेप लोडिंग एरर’ न येता प्रोग्राम उतरला. चादरीच्या काठाची नक्षी चौकटीत भरून पाहण्यासाठी तो कोणीतरी लिहिलेला आहे. यूडीजीची (वापरणाऱ्याने स्वतः आखायच्या चिन्हांची) २१ च्या २१ अक्षरे त्यात नक्षीच्या तुकड्यांसाठी खर्च झाली आहेत. पहिलीच ओळ ‘क्लिअर ३९९९९’ (बेसिकने ३९९९९ पर्यंतचीच रॅम वापरावी) अशी असल्यामुळे वरची रॅम नसेल तर तो ‘एम रॅमटॉप नो गुड’ म्हणून तिथेच थांबतो. या कॅसेटची वेव्ह फाइल काढून ठेवणे हे आता सर्वांत आधीचे काम आहे.

ठरवलेले पुढचे काम होते ७८०५ च्या जागी स्विचिंग रेग्युलेटर. कपॅसिटर मोठा झाल्यामुळे आत येणारी सरासरी आता साडेनऊच्या पुढे गेली आहे, म्हणजे ७८०५ साडेतीन वॉटहून अधिक उष्णता बंद डब्यात ओततो. भीती एकच, स्विचिंग रेग्युलेटरच्या विद्युत गोंगाटाने कंपोझिट चित्रात लहरी उमटण्याची. बाहेरून ९ व्होल्टचा नवा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा) ॲडॉप्टर लावणे हा दुसरा मार्ग आहे, पण स्पेक्ट्रमच्या पिनचे आतले टोक ऋण असते आणि बाजारातले बहुतेक ॲडॉप्टर नेमके उलटे, तेव्हा ज्यांना तो मार्ग घ्यायचा असेल त्यांनी वायर आधी मीटरवर तपासावी.

हे लिहिता लिहिता मात्र रेग्युलेटर मागे पडतो आहे, कारण पत्त्यांचा परिपथ आता सॉकेटवर आला असल्यामुळे एकूण रॅम ८० केबी करण्याचा बदल फारच जवळ दिसतो. त्यासाठी आठही ४५३२ काढून पूर्ण ६४ किलोबिटच्या ४१६४ बसवायच्या आणि लिंकऐवजी पोर्टवरून अर्धा भाग निवडायचा. मूळच्या ४५३२ जपून ठेवीन. अडचण रिफ्रेशची, म्हणजे रॅम विसरू नये म्हणून ती सतत ताजी करत राहण्याची आहे. झेड८० चे (यंत्राच्या प्रोसेसरचे) रिफ्रेश सात बिटांचे, म्हणजे १२८ ओळींचे. टेक्सासच्या ४१६४ ला मात्र ४ मिलिसेकंदांत २५६ ओळी लागतात, त्यामुळे न निवडलेला अर्धा भाग आपले सगळे विसरेल. १२८ ओळींवर भागणाऱ्या जपानी ४१६४ पाहिजेत, आणि त्या न घासलेल्या, न रंगवलेल्या पाहिजेत. कोणाकडे जुन्या बोर्डावर अशा आठ चिप असतील, तर बोर्डाचा फोटो आणि चिपवरचा पूर्ण क्रमांक कळवावा. काढायचे काम मी करीन.