बॅकअप जातो, पण परत येत नाही: वड, पिंपळ आणि उंबर यांची नोंदवही

वड, पिंपळ आणि उंबर ही माझ्या तीन मशीनची नावं. गेल्या नोंदीत वडाचं सबनेट (नेटवर्कमधला पत्त्यांचा गट) बदलायचं बाकी होतं, उंबरावरचं डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) दर रीबूटनंतर बिघडत होतं आणि रात्रीचा बॅकअप मात्र रोज बिनबोभाट जात होता. पहिली दोन कामं मार्गी लागली. तिसऱ्याची मला काळजीच नव्हती, आणि त्यानेच चार संध्याकाळी घेतल्या. म्हणून ही नोंद मुख्यतः त्याचीच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी सांगतो. वड म्हणजे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवरचं साठवणीचं मशीन, त्यात झेडएफएस या फाइलसिस्टमच्या दोन डिस्क. पिंपळ हा ओपनबीएसडीवरचा राउटर, त्याची बाहेरची जोडणी पीपीपीओईवरून (इंटरनेट कंपनीशी जोडण्याची एक पद्धत). उंबर म्हणजे दूरच्या डेटासेंटरमध्ये भाड्याने घेतलेला लिनक्स सर्व्हर. पिंपळ आणि उंबर यांच्यामध्ये वायरगार्डचा टनेल (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खासगी वाट) आहे आणि वडावरचा बॅकअप त्यातून एसएसएचवर (दूरच्या मशीनवर काम करण्याची सुरक्षित जोडणी), आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या साधनाने जातो.

आधी वडाचं सबनेट

आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत नवा पत्ता आणि नवा डिफॉल्टराउटर लिहिला, दोनदा वाचला, ‘सर्व्हिस नेटिफ रीस्टार्ट’ (नेटवर्क इंटरफेस पुन्हा सुरू करणारी आज्ञा) दिलं आणि एसएसएच जागीच थिजलं. पत्ता बदलल्यामुळे जुनं सत्र तुटणार हे धरलेलंच होतं. पण नव्या पत्त्यावरही वड उत्तर देईना. शेवटी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून पाहिलं तर पत्ता बरोबर, मास्क बरोबर, आणि ‘नेटस्टॅट -आरएन’मध्ये, म्हणजे रूटच्या यादीत, डिफॉल्टची (बाहेर जाण्याच्या ठरलेल्या रस्त्याची) ओळच नाही. नेटिफ पुन्हा सुरू करताना इंटरफेसवरचे पत्ते निघतात आणि त्यांच्यासोबत रूटही जातात. पत्ते परत येतात, डिफॉल्ट रूट आपोआप येत नाही. माझा लॅपटॉप दुसऱ्या सबनेटमध्ये होता, त्यामुळे वडापर्यंत पॅकेट पोचत होती, पण त्याला उत्तर कुठून पाठवायचं ते कळत नव्हतं. ‘सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट’ त्याच ओळीत, मध्ये दोन ॲम्परसँड घालून द्यायला हवं होतं.

आता माझी पद्धत अशी. दुरून बदल करायचा असेल तर आधी ‘शटडाउन -आर +१०’ लावून ठेवायचं, मग आयएफकॉन्फिग आणि रूट वापरून चालू मशीनवरच बदल करून पाहायचा, फाइलला हात लावायचा नाही. बाहेर पडलो तर दहा मिनिटांत मशीन जुन्या सेटिंगवर परत येतं. जमलं तर शटडाउन रद्द करून मग फाइल लिहायची. इथे एक जपायला हवं: लिनक्सवर ‘शटडाउन -सी’ने ठरलेलं शटडाउन रद्द होतं, फ्रीबीएसडीवर त्याच ‘-सी’चा अर्थ मशीनची वीज तोडून पुन्हा चालू करणं असा आहे. फ्रीबीएसडीवर शटडाउनची प्रोसेसच किल करायची. दोन्ही प्रकारची मशीन सांभाळणाऱ्यांनी हे कागदावर लिहून भिंतीला लावावं, मी लावलंय.

उंबराचं डीएनएस पटकन सुटलं. रिझॉल्व्ह.कॉन्फ या डीएनएसच्या फाइलीत मी लिहिलेलं दर रीबूटला उडत होतं, कारण ती साधी फाइल नव्हतीच. ‘एलएस -एल’ केल्यावर ती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) निघाली, आत १२७.०.०.५३ हा सिस्टमडी-रिझॉल्व्हडचा पत्ता. नेमसर्व्हर त्या सेवेच्या सेटिंगमध्ये लिहिले आणि विषय संपला.

आता बॅकअप

रविवारी सहज वाटलं म्हणून उंबरावरून फोटोंचं एक फोल्डर वडावर परत आणून पाहिलं. आरसिंकने फाइलींची नावं काढायला घेतली, पहिल्या फाइलचं नाव दिसलं आणि तिथेच थांबलं. त्रुटी नाही, टाइमआउट नाही, काहीच नाही. पाच मिनिटांनी कंट्रोल-सी.

टनेल जिवंत होता. दोन्ही बाजूंनी पिंग जात होतं, एकही पॅकेट हरवत नव्हतं. एसएसएचने उंबरावर लॉगिन होत होतं, ‘डेट’ विचारली की तारीख येत होती. ‘डीमेसेज’ (कर्नलच्या नोंदींची लांब यादी) दिलं की मात्र पडदा गोठायचा. उलट वडावरून उंबराकडे कितीही मोठी फाइल पाठवा, ती जायची. म्हणूनच रात्रीचे बॅकअप रोज यशस्वी दिसत होते.

पहिली संध्याकाळ मी डिस्क आणि आरसिंकवर घालवली. झेडपूल स्टेटस पाहिलं, आरसिंकची आवृत्ती पाहिली, कॉम्प्रेशन काढून पाहिलं. त्याचं कारण ते पिंग होतं. पिंग चालतंय म्हणजे रस्ता ठीक, हे मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की नजर आपोआप वरच्या थरांकडे जाते. पण साधं पिंग लिनक्सवर ५६ बाइट भरतं, आयसीएमपी (पिंग ज्यातून जातं तो निरोपांचा प्रोटोकॉल) आणि आयपीचे हेडर धरून ८४. म्हणजे ८४ बाइट जातात एवढंच त्याने सिद्ध होतं.

दुसऱ्या दिवशी उंबरावर ‘एसएस -टीआय’ (चालू जोडण्यांची स्थिती दाखवणारी आज्ञा) लावून बसलो आणि वडावरून पुन्हा डीमेसेज मागवलं. सेंड-क्यूचा, म्हणजे पाठवण्याच्या रांगेचा, आकडा भरला आणि जागचा हलेना. खाली रीट्रान्समिशनचा आकडा आधी भराभर, मग हळूहळू वाढत होता. उंबर तेच सेगमेंट पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि समोरून पोच येत नव्हती. लहान उत्तरं जातात, मोठी नाहीत, आणि तेही एकाच दिशेने. हे दिसलं आणि संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर, गेला.

मग उंबरावरून टनेलमधून, तुकडे न करण्याची खूण लावून, आकार बदलत पिंग केलं: ‘पिंग -एम डू -एस’ आणि पुढे आकडा. आपण देतो तो आकडा फक्त आतल्या भरण्याचा, त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट धरायचे. टनेलचा एमटीयू १४२०, म्हणून वरची मर्यादा १३९२. १३९३ दिल्यावर उंबराने जागीच ‘मेसेज टू लाँग’ म्हणून नकार दिला, ते बरोबरच होतं. १३९२ दिलं तर नकारही नाही आणि उत्तरही नाही. १३००, उत्तर आलं. १३५०, आलं. १३८०, आलं. १३८१, शांतता. पुन्हा १३८०, आलं. एका बाइटच्या फरकाने पॅकेट गडप होताना डोळ्यांसमोर दिसणं हा या छंदातला मोठा आनंद आहे, मी ते दहा वेळा तरी करून पाहिलं.

आता हिशोब. दोन आठवड्यांपूर्वी मी टनेलचं टोक आयपीव्ही४ वरून आयपीव्ही६ वर (इंटरनेट प्रोटोकॉलच्या नव्या आवृत्तीवर) नेलं होतं. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटवर स्वतःचे १६ बाइटचं हेडर आणि १६ बाइटचा टॅग लावतो, त्यावर यूडीपीचे ८, त्यावर आयपीचं हेडर: व्ही४ असेल तर २०, व्ही६ असेल तर ४०. म्हणजे व्ही४ वर ६० आणि व्ही६ वर ८० बाइटचा बोजा. इथरनेटच्या १५०० मधून हे ८० गेले की १४२० उरतात, वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू येतो तो यातूनच. पण माझी बाहेरची जोडणी पीपीपीओईची. ती आपले ८ बाइट घेते, उरतात १४९२. व्ही४ च्या काळात १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, बारा बाइट शिल्लक राखून जायचं. व्ही६ वर तेच पॅकेट नेमकं १५०० झालं आणि शेवटच्या टप्प्यात मावेना.

हिशोबाने १४९२ वजा ८० म्हणजे १४१२ पर्यंतचं आतलं पॅकेट जायला हवं, पिंगच्या भाषेत १३८४. माझ्याकडे मात्र १३८० लाच कुंपण. या चार बाइटांनी मला रात्री झोपू दिलं नाही. उत्तर वायरगार्डच्या पॅडिंगमध्ये सापडलं. तो आतलं पॅकेट १६ च्या पटीत भरून घेतो, फक्त टनेलच्या एमटीयूपलीकडे जात नाही. १३८० अधिक २८ म्हणजे १४०८, ही १६ ची पट, भर घालावी लागत नाही, बाहेर १४८८. १४०९ झाले की पुढची पट १४२४, पण एमटीयू १४२० ला अडतं, म्हणून १४२० पर्यंत भर, आणि बाहेर १५००. एक बाइट वाढवला की बाहेरचं पॅकेट बाराने वाढतं. आकडा असा शेवटच्या बाइटपर्यंत जुळला की मग कुठल्याच शंकेला जागा उरत नाही.

एक प्रश्न उरला. न मावणारं पॅकेट टाकून देणारा राउटर तसं कळवतो. आयपीव्ही४ मध्ये ही सोय १९९० च्या आरएफसी ११९१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) पासून आहे, आणि आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर तुकडे करतच नाहीत, त्यामुळे तिथे सगळी भिस्त ‘पॅकेट टू बिग’ या निरोपावर. तो निरोप गेला कुठे? उंबराच्या बाहेरच्या इंटरफेसवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला, फिल्टर फक्त आयसीएमपी६, आणि दुसऱ्या खिडकीतून १३८१ चं पिंग सोडलं. लगेच ओळ उमटली: पॅकेट टू बिग, एमटीयू १४९२. निरोप उंबराच्या दारापर्यंत येत होता. टीसीपीडम्प येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी पाहतो, म्हणून त्याला दिसला, कर्नलच्या पुढच्या भागाला दिसत नव्हता.

मग एनएफटीचे, म्हणजे उंबरावरच्या फायरवॉलचे, नियम काढले. मीच लिहिलेले. आयसीएमपीव्ही६ चे मोजके प्रकार, म्हणजे पिंग आणि शेजारशोध (त्याच जाळ्यातली मशीन शोधणं), येऊ द्यायचे, बाकी सगळं आयसीएमपीव्ही६ टाकायचं, आणि त्याच्या खाली ‘एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड’ला (चालू जोडण्यांच्या आणि त्यांच्याशी संबंधित पॅकेटना) मोकळीक देणारी ओळ. ती ओळ वर असती तर हा निरोप ‘रिलेटेड’ म्हणून आत आला असता. खाली असल्याने तिच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. ‘पॅकेट टू बिग’ अडवू नका हे आरएफसी ४८९० मध्ये २००७ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. नियम लिहिण्याआधी ते वाचायला हवं होतं.

वडाकडून उंबराकडे सगळं सुरळीत का जात होतं, तेही पाहिलं. पिंपळाच्या पीपीपीओई इंटरफेसवर टीसीपीडम्प लावला तर प्रत्येक मोठं पॅकेट दोन तुकड्यांत बाहेर पडत होतं. पीपीपीओईचं टोक पिंपळावरच असल्याने तुकडे पाठवणाऱ्याच्याच घरी होत होते, आणि उंबर ते जोडून घेत होता. दोन आठवडे माझा प्रत्येक बॅकअप असा तुकड्यातुकड्यांनी गेला.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. एनएफटीमध्ये ‘एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड’ची ओळ सर्वांत वर नेली आणि ‘पॅकेट टू बिग’ला नाव घेऊन परवानगी दिली. टनेलचा एमटीयू दोन्ही टोकांना १४१२ केला: उंबरावर वायरगार्डच्या फाइलीत इंटरफेसच्या भागात, पिंपळावर हॉस्टनेम.डब्ल्यूजी० मध्ये. नुसत्या पहिल्या बदलाने काम चाललं असतं, पण मग उंबरही तुकडे करून पाठवत राहिला असता, आणि तुकडा एक हरवला तरी सगळं पॅकेट वाया जातं.

मध्ये एक वाट चाचपून सोडली, तीही नोंदवतो. लिनक्सचं ‘टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग’ १ केलं तर टीसीपी स्वतःच अडकल्याचं ओळखतं आणि १०२४ च्या एमएसएसपासून (एका सेगमेंटमधला कमाल भरणा) चाचपडत वर जातं. केल्यावर फोटो यायला लागले, पण प्रत्येक जोडणी सुरुवातीला काही सेकंद अडखळायची. शिवाय ते फक्त टीसीपीपुरतं, आणि मूळ दोष झाकला जातो. परत ० केलं. दुसऱ्याचा फायरवॉल आपल्या हातात नसेल तेव्हा ही सोय कामाची, स्वतःच्या मशीनवर मी ती वापरणार नाही.

बदलानंतर पिंग १३८४ ला उत्तर देतं, १३८५ ला उंबर जागीच ‘मेसेज टू लाँग, एमटीयू १४१२’ सांगतो, मधला मुका पट्टा नाहीसा झालाय. डीमेसेज एका दमात येतं. बुधवारी रात्री फोटोंचं सबंध फोल्डर परत आणलं, वडावर एसएचए-२५६ चे बेरीज-आकडे मूळ फाइलींशी ताडून पाहिले, सगळे जुळले.

रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये आता दोन ओळी जास्त आहेत. बॅकअप सुरू होण्याआधी दोन्ही दिशांनी पूर्ण आकाराचं पिंग, आणि बॅकअप झाल्यावर यादृच्छिक निवडलेली एक फाइल परत आणून तिचा आकडा ताडणं. फ्रीबीएसडीच्या पिंगमध्ये तुकडे न करण्याची खूण ‘-डी’ आहे, ‘-एम डू’ नाही. वडावर स्क्रिप्ट पहिल्यांदा याच कारणाने पडली.

पुढच्या वेळी टनेलच्या आतही आयपीव्ही६ चालवायचं आहे. आयपीव्ही६ ला किमान १२८० बाइटचा एमटीयू लागतो, १४१२ मध्ये जागा भरपूर आहे, पण आधी पिंपळावरचे पीएफचे (तिथल्या फायरवॉलचे) नियम पहिल्या ओळीपासून वाचून काढणार आहे. तेही मीच लिहिलेत.